बुळकांडीचा माग

१९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरात हिंदुस्थानातून आलेली वशिंडाची गुरे उतरली. त्यांना जायचे होते ब्राझीलला. पुढच्या जहाजाची सोय होईपर्यंत त्यांना बंदराजवळच्या आवारात ठेवले. त्याच आवारात दुसरी जनावरेही बांधली गेली आणि तिथून ती बेल्जियमच्या बाजारात पोचली. थोड्याच दिवसांत तिथल्या गोठ्यांत गायी पटापट मरू लागल्या. पश्चिम युरोप ज्या रोगापासून सुटला असे सगळे धरून चालले होते, ती बुळकांडी समुद्रमार्गे परत आली होती.

बेल्जियमने आजारी जनावरे मारून, पुरून, गुरांची ने-आण बंद करून काही महिन्यांत साथ आवरली. पण युरोपने धसका घेतला. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये अनेक देशांचे पशुवैद्य जमले आणि २५ जानेवारी १९२४ रोजी २८ देशांनी करार करून गुरांच्या साथींसाठी एक आंतरराष्ट्रीय कचेरी स्थापन केली. आजची जागतिक पशुआरोग्य संघटना ती हीच. कुठल्या देशात कोणती साथ आली हे इतरांना ताबडतोब कळवायचे, लपवायचे नाही, हा तिचा पहिला नियम. एकट्या देशाने आपल्यापुरता बंदोबस्त करून भागत नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळून चुकले होते. बंदोबस्त करायचा कसा, ते मात्र अजून कोणाला नीट माहीत नव्हते.

ज्यांनी बुळकांडी पाहिली आहे अशी माणसे आता आपल्या खेड्यांत थोडीच उरली असतील, म्हणून ती कशी होती ते सांगायला हवे. सुरुवातीला जनावर नुसते मलूल दिसते, चारा सोडते, रवंथ बंद करते. अंगात सडकून ताप. मग डोळ्यांतून पाणी वाहू लागते, नाकातून शेंबूड, आणि दोन्ही घट्ट होत जातात. ओठ उचलून पाहावे तर हिरड्यांवर, जिभेखाली कोंडा भुरभुरल्यासारखे पांढुरके कण. ते खरवडले की खाली लालबुंद जखम. त्यानंतर हगवण, आधी पातळ, मग रक्ताची. शरीरातले पाणी संपते, डोळे खोल जातात आणि आठ-दहा दिवसांत जनावर जमिनीला टेकते. ज्या मुलखात रोग पूर्वी आलेला नाही, तिथे शंभरातली ऐंशी-नव्वद जनावरे जात. एका पंधरवड्यात दावण रिकामी.

या रोगाने इतिहास घडवला आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तो इटलीत पसरला, तेव्हा पोपचे वैद्य जोव्हानी लान्चिसी यांनी आजारी जनावरे मारण्याचे, चुना टाकून पुरण्याचे आणि गुरांची हालचाल रोखण्याचे कडक नियम करून घेतले. १७६० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये लियाँला जगातली पहिली पशुवैद्यक शाळा निघाली, त्यामागेही हीच साथ होती. पण खरा हाहाकार झाला तो आफ्रिकेत. १८८७ च्या सुमारास इटलीच्या सैन्यासाठी मसावा बंदरात गुरे आणली गेली आणि त्यांच्याबरोबर रोग आला, असे मानले जाते. ती गुरे हिंदुस्थानातून आली असावीत, असे बहुतेक इतिहासकार म्हणतात. तिथून इथिओपिया, मग मसाईंची कुरणे, मग झांबेझी ओलांडून थेट दक्षिण टोक. दहा वर्षांत आख्खे खंड उभे कापले गेले. बैल मेले म्हणून नांगरट थांबली, गायी मेल्या म्हणून दूध गेले, आणि इथिओपियात जो दुष्काळ पडला त्यात देशातली तिसरा हिस्सा माणसे दगावली असा अंदाज सांगितला जातो. वसाहती सत्तांना आफ्रिकेचा आतला भाग इतक्या सहज कसा गिळता आला, याचे एक उत्तर या रिकाम्या गोठ्यांत आहे.

दक्षिण आफ्रिकेत शेकडो मैल तारेचे कुंपण घातले, पहारे बसवले, गोळ्या घातल्या. रोग कुंपणापलीकडे गेलाच. शेवटी १८९६ च्या डिसेंबरात जर्मनीहून रॉबर्ट कॉख यांना किम्बर्लीला बोलावले. क्षयाचा जंतू शोधणारा हा माणूस बुळकांडीचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली शोधत राहिला आणि त्याला तो सापडला नाही. सापडणे शक्यच नव्हते, कारण तो विषाणू होता. १९०२ मध्ये इस्तंबूलला मोरिस निकोल आणि आदिल बे यांनी, हा जंतू बारीकात बारीक गाळणीतूनही पार जातो, हे दाखवले. पण कॉखनी हात टेकले नाहीत. रोगाने मेलेल्या जनावराचे पित्त निरोगी जनावराला टोचले तर ते पुढे रोगाला दाद देत नाही, असे त्यांना दिसले. १८९७ च्या फेब्रुवारीत त्यांनी ते जाहीर केले. उपाय अर्धवट होता. कधी लागू पडे, कधी पित्तातूनच रोग होई. तरी इतके कळले की बुळकांडीपासून जनावराला आधीच राखता येते. तिथून कॉख निघाले ते प्लेगने ग्रासलेल्या मुंबईला आले आणि त्याच वर्षी कुमाऊंतल्या मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेतही जाऊन आले.

मुक्तेश्वरची ही प्रयोगशाळा मूळची पुण्याची. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये ती सुरू झाली. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे पहिले प्रमुख. पण इतका सांसर्गिक रोग शहरात, गुरांच्या गर्दीत हाताळणे धोक्याचे होते, म्हणून १८९३ मध्ये ती सुमारे साडेसात हजार फूट उंचीवरच्या, वस्तीपासून दूर असलेल्या मुक्तेश्वरला हलवली. आणि तिथेच या गोष्टीला पहिले मोठे वळण मिळाले.

युरोपची रीत आजारी जनावर मारून टाकण्याची. हिंदुस्थानात ती चालणार नव्हती हे सरकारला पुरते ठाऊक होते. गाय मारा म्हणून कोण सांगणार आणि कोण ऐकणार? त्यामुळे इथे जनावर जगवून रोग थांबवण्याचाच मार्ग शोधावा लागला. आधी रोगातून उठलेल्या जनावरांच्या रक्तातले पाणी, म्हणजे सीरम, टोचत. त्याचा असर काही दिवसांत ओसरे. मग सीरम आणि रोगी रक्त एकदमच टोचू लागले. त्यातून प्रतिकारशक्ती टिकाऊ येई, पण बैलाच्या रक्ताबरोबर गोचीडतापाचे परजीवीही निरोगी जनावरात जात. हे टाळायला १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी विषाणू बैलाऐवजी बकऱ्यांत वाढवायला घेतला. एका बकरीचे रक्त दुसरीला, दुसरीचे तिसरीला. हेतू एवढाच की रक्त परजीवींपासून शुद्ध राहावे. काही काळाने त्यांच्या ध्यानात आले की बकऱ्यांतून फिरलेला हा विषाणू गायीला टोचला तर गाय थोडी तापते, पण मरत नाही. आणि नंतर तिला बुळकांडी होत नाही. सीरमची गरजच उरली नव्हती.

ही बकरीची लस हिंदुस्थानात कोट्यवधी जनावरांना टोचली गेली. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन मोहीम तिच्याच बळावर उभी राहिली. पण तिच्यात खोट होती. आपल्या मैदानी गावठी गुरांना ती मानवे. डोंगरी गुरे आणि विलायती रक्ताची संकरित जनावरे तिने आजारी पडत, काही मरत. तिकडे जपानच्या ज्युंजी नाकामुरा यांनी सशांतून विषाणू फिरवून आणखी एक लस केली, दुसऱ्या महायुद्धात अमेरिका आणि कॅनडाने सेंट लॉरेन्स नदीतल्या एका बेटावर कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून वेगळीच एक केली. प्रत्येक लस कुठल्या ना कुठल्या जातीच्या गुरांना झेपत नव्हती. सगळ्यांना एकच चालेल अशी लस हवी होती.

ती केनियात मिळाली. नैरोबीजवळच्या मुगुगा येथील संशोधन संस्थेत वॉल्टर प्लोराइट नावाचे इंग्लिश पशुवैद्य काम करत. लिंकनशरमधल्या शेतकऱ्याचा हा मुलगा. बोस्टनला जॉन एन्डर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलिओचा विषाणू काचेच्या नळीत, जिवंत पेशींवर वाढवून दाखवला होता. प्लोराइटनी तेच बुळकांडीवर करायचे ठरवले. त्यांनी आणि आर. डी. फेरिस यांनी वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशी काचेला चिकटवून वाढवल्या आणि त्यांत केनियातल्याच कबेते इथे १९१० च्या सुमारास मिळालेला, अतिशय जहाल असा विषाणू सोडला. काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी एकमेकींत मिसळून अवाढव्य झालेल्या दिसत, एकेका पेशीत कितीतरी केंद्रके. विषाणू जगला, वाढला, याची ती खूण. मग त्या काचेतला द्रव नव्या पेशींवर घालायचा. पुन्हा वाट पाहायची, पुन्हा नव्या पेशी.

हे काम शब्दांत सोपे वाटते. त्यात वर्षे गेली. अधूनमधून तो द्रव जिवंत वासरांना टोचून पाहायचा. सुरुवातीला वासरे मरत, नंतर नुसती आजारी पडत, मग ताप येई आणि उतरे. सुमारे नव्वद वेळा असा फिरवल्यावर विषाणू पेशींत राहायला इतका सरावला की गायीला आजारी पाडण्याची त्याची ताकदच गेली. तापही नाही. गाभण गायीला चालेल, वासराला चालेल, विलायती गायीला चालेल, आणि एकदा टोचली की जन्मभर पुरेल. टोचलेल्या जनावरापासून शेजारच्याला काही होत नाही. एक मात्रा काही पैशांत पडे. १९६० च्या सुमारास लस तयार झाली. माझ्या मते विसाव्या शतकातल्या कोणत्याही थोर वैद्यकीय शोधाच्या पंक्तीला हा शोध बसतो. प्लोराइट यांचे नाव पशुवैद्यांच्या बाहेर फार थोड्यांना माहीत आहे, याचे मला वाईट वाटते.

आता फक्त टोचायचेच राहिले, असे वाटले. १९६२ ते १९७६ या काळात आफ्रिकेतल्या बावीस देशांनी मिळून एक मोठी मोहीम केली. पथके, मोटारी, सरकारी शिबिरे, कोट्यवधी टोचण्या. रोग इतका हटला की सगळ्यांना वाटले, संपला. सरकारांनी पैसा दुसरीकडे वळवला, पथके घरी गेली. प्रत्यक्षात दोन कोपऱ्यांत बुळकांडी जिवंत होती: पश्चिमेला माली-मॉरिटानियाच्या सरहद्दीवर आणि पूर्वेला इथिओपिया-सुदानच्या बाजूला. १९८० च्या आसपास ती तिथून उठली आणि खंडभर फिरली. नायजेरियात तर गुरांचा सडा पडला. पंधरा वर्षांचे काम मातीत गेले.

कुठे चुकले? लशीत चूक नव्हती. पण ती जिवंत लस होती आणि कारखान्यापासून गायीच्या मानेपर्यंत थंड ठेवावी लागे. फ्रिज, बर्फाची पेटी, रॉकेल, मोटार, रस्ता. यांतली एक गोष्ट चुकली की बाटलीत नुसते पाणी. आणि बुळकांडी कुठे दडली होती? जिथे रस्ताच नाही तिथे. इथिओपियाच्या अफारच्या तळपत्या खोऱ्यात, दक्षिण सुदानच्या दलदलीत, युगांडाच्या करामोजात, सोमाली कुरणांत. तिथले गुराखी पावसामागे हिंडणारे. आज या देशात, महिन्याने त्या. त्यांना सरहद्द माहीत असली तरी गायींना माहीत नव्हती. सरकारी पथक आले की मोजदाद आणि कर येणार म्हणून कळप आणखी आत नेण्याची त्यांची पद्धत. शिवाय बऱ्याच ठिकाणी लढाई चालू.

इथे या गोष्टीतला दुसरा शोधक येतो. जेफ्री मॅरिनर हे तरुण अमेरिकन पशुवैद्य टफ्ट्स विद्यापीठाचे. न्यूयॉर्कजवळच्या प्लम बेटावरच्या सरकारी प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात त्यांनी प्लोराइट यांची लस हातात घेतली. विषाणूला हात लावला नाही. त्यांनी लक्ष दिले ते लस गोठवून सुकवण्याच्या रीतीवर. लस सुकवताना तिच्यात पाण्याचा जो थोडासा अंश राहतो तोच उष्णतेत विषाणूचा घात करतो. मॅरिनर यांनी सुकवण्याची क्रिया जास्त सावकाश आणि जास्त पूर्ण केली, सोबत घालायची साखर आणि प्रथिन बदलून पाहिले. त्यातून जी लस निघाली ती ३७ अंश तापमानात महिनाभर टिके. विषाणू तोच, बाटली तीच, गुण तोच. तेवढ्यावर सगळे बदलले. लस फ्रिजच्या बाहेर पडली आणि माणसाच्या पाठीवरच्या पिशवीत बसली.

आणि ती पिशवी कोणाच्या पाठीवर द्यायची, हा निर्णय मला लशीइतकाच मोठा वाटतो. मॅरिनर आणि त्यांच्याबरोबरच्या आफ्रिकन पशुवैद्यांनी ती गुराख्यांच्याच हाती दिली. जमातीतल्या जाणत्यांनी आपल्यातली माणसे निवडायची, त्यांना थोडे दिवस शिकवायचे, सुई कशी धरायची, बाटलीतली पूड कशी विरघळवायची, विरघळवल्यावर ती किती वेळात संपवायची. बस्स. लिहिता येत नसले तरी चाले. पशुवैद्यांच्या खात्यांतून याला विरोध झाला. अडाणी गुराख्याच्या हाती सुई कशी द्यायची, असा सवाल होता. उत्तर रक्ताच्या तपासणीने दिले. अफार भागात या गुराख्यांनी टोचलेल्या जनावरांत प्रतिकारशक्ती आलेल्यांचे प्रमाण सरकारी पथकांच्या कामापेक्षा कमी नव्हतेच, अनेकदा सरस होते. कारण सोपे आहे. कुठली गाय कुठे चरते, ओढ्यापलीकडे कोणाचा कळप गेला आहे, कोणते वासरू राहून गेले, हे त्या माणसाला पाठ असते. गाय धरायला त्याला चार शिपाई लागत नाहीत. इथिओपियात १९९५ नंतर बुळकांडी दिसली नाही.

त्याच सुमारास भारतात दक्षिणेकडे रेंगाळणारा रोगही हटला. १९९२ मध्ये युरोपीय संघाच्या मदतीने नवी राष्ट्रीय योजना सुरू झाली होती. १९९५ मध्ये तमिळनाडूत शेवटची लागण नोंदली गेली. १९९४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने जगभराच्या निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला आणि पुढे पीटर रोडर या पशुवैद्याने तो नेटाने चालवला. त्यांनी सरकारांकडे मागितलेली गोष्ट धाडसाची होती: लस देणे थांबवा. टोचलेल्या जनावराच्या रक्तातली प्रतिकारद्रव्ये लशीमुळे आली की रोगामुळे, ते कळत नाही. सगळीकडे थोडे थोडे टोचत राहिले तर विषाणू त्याआड लपून बसतो. म्हणून आधी तो कुठे आहे ते हुडकायचे, तिथेच घट्ट लसीकरण करायचे, मग हात आवरायचा आणि वाट पाहायची. चाळीस वर्षे जी ढाल हाती धरली ती खाली ठेवायला छातीच लागते. भारताने ती ठेवली. २००४ मध्ये देश रोगमुक्त आणि २००६ मध्ये संसर्गमुक्त ठरला.

शेवटचा पाठलाग सोमाली कुरणांत झाला. तिथल्या विषाणूने गायींत सौम्य रूप घेतले होते. थोडा ताप, डोळ्यांतून पाणी, आणि जनावर बरे. प्रयोगशाळेला ही बुळकांडी ओळखू येत नव्हती, पण रानातल्या रेड्यांना आणि कुडू हरणांना ती मारत होती. १९९० च्या दशकाच्या मध्याला केनियाच्या त्सावो अभयारण्यात डोळे पांढरे पडून आंधळी झालेली हरणे दिसली तेव्हा धागा लागला. पशुवैद्य गुराख्यांजवळ बसले. प्रश्नपत्रिका घेऊन नव्हे. गायींना काय काय होते, कधी होते, मागच्या पावसात कोणाच्या कळपात झाले, हे त्यांनाच सांगू द्यायचे. त्यांना या आजाराची सौम्य रूपेही वेगळी ओळखता येत होती. याच्या जोडीला इंग्लंडमधल्या पिरब्राइट संस्थेत जॉन अँडरसन यांनी केलेल्या तपासण्या होत्या. त्यांतली एक तर रानात उभ्याउभ्या करता येई: गायीच्या डोळ्यातले पाणी पट्टीवर टाकायचे, काही मिनिटांत रेघ उमटते की नाही ते पाहायचे.

२००१ मध्ये केनियाच्या मेरू अभयारण्यातल्या रेड्यांत बुळकांडी सापडली. त्यानंतर जगात कुठेही नाही. दहा वर्षे देशोदेशी रक्ताचे नमुने तपासले गेले. २५ मे २०११ रोजी जागतिक पशुआरोग्य संघटनेने आणि २८ जून २०११ रोजी रोममध्ये अन्न आणि कृषी संघटनेने जाहीर केले की बुळकांडी पृथ्वीवरून नाहीशी झाली. देवीनंतर माणसाने संपवलेला हा दुसरा रोग, आणि जनावरांतला पहिला. वॉल्टर प्लोराइट ही बातमी ऐकायला नव्हते. २०१० च्या फेब्रुवारीत ते गेले.

बुळकांडीच्या कुळातला एक विषाणू आजही आपल्या गावांत आहे. पीपीआर. आपल्याकडे तो शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी म्हणूनच ओळखला जातो. त्यावरची चांगली लस मुक्तेश्वरलाच तयार झाली आहे आणि २०३० पर्यंत हा रोग जगातून घालवायचे असे देशांनी ठरवले आहे. दिवाळीनंतर देशावरचे धनगरांचे वाडे कोकणात उतरतात आणि पावसाआधी परततात. लसीकरणाच्या तारखा गावांच्या हिशेबाने ठरतात, तेव्हा हे कळप बहुधा वाटेवर असतात. पशुसंवर्धन खात्याला विनंती एवढीच की त्या वाड्यांतल्या चार पोरांना सुई धरायला शिकवा आणि लस त्यांच्या हाती द्या.